घरबसल्या एम.ए. एज्युकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या ग्रुपवर आणि पर्सनलवर तेच तेच प्रश्न येत राहतात, जानेवारी आणि जुलैच्या ॲडमिशनच्या वेळी तर रोज पाच-सहा जण तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. मी स्वतः नोकरी करत हे केलंय, आणि नंतर शाळेतल्या आणि तालुक्यातल्या बऱ्याच जणांचे फॉर्म, असाइनमेंट, सिनॉप्सिस बघत बसलेय, तर उत्तरं त्या अनुभवातनं आहेत. फी आणि तारखा इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या दर सेशनला बदलतात आणि जुना स्क्रीनशॉट फिरत राहतो.

१. मॅडम, एम.ए. एज्युकेशन म्हणजे नक्की काय? बी.एड.च पुढचं का?

नाही. बी.एड. आणि एम.एड. हे एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) मान्यतेने चालणारे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स आहेत. त्यात पाठ घ्यावे लागतात, इंटर्नशिप असते. एम.ए. एज्युकेशन, म्हणजे शिक्षणशास्त्र, ही इतिहास किंवा अर्थशास्त्रात एम.ए. असतं तशीच पदव्युत्तर पदवी आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, शिकण्याचं मानसशास्त्र, शिक्षण आणि समाज, अभ्यासक्रम, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र असे पेपर, पुढे एखादं स्पेशलायझेशन (उच्च शिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान, शैक्षणिक व्यवस्थापन वगैरे) आणि बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंध. ॲडमिशनला साधारणपणे कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.एड. असायलाच पाहिजे असं नाही.

२. हे करून शाळेत शिक्षक म्हणून लागता येईल का? माझं बी.एड. नाहीये.

नाही लागता येणार. शाळेतल्या शिक्षकासाठी डी.एल.एड. (जुनं डी.एड.) किंवा बी.एड., मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल असा तो रस्ता आहे, आणि त्यात एम.ए. एज्युकेशन बी.एड.ची जागा घेत नाही. ज्युनियर कॉलेजलाही जो विषय शिकवायचा त्या विषयातलं एम.ए. आणि सोबत बी.एड. लागतं. बारावी बोर्डाला शिक्षणशास्त्र हा विषय आहे खरा, पण तो किती कॉलेजांत आहे हे आपापल्या जिल्ह्यात बघा म्हणजे आशा किती धरायची ते कळेल. ज्यांचं बी.एड. नाही आणि शाळेत नोकरीच हवीय त्यांनी आधी बी.एड. करावं असं माझं स्पष्ट मत आहे, एम.ए. कुठे पळून जात नाही.

३. एक जण म्हणतोय की ऑनलाइन एम.एड. करून देतो, कॉलेजला जायचं कामच नाही. खरं आहे का?

खोटं आहे. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे एम.एड. दोन वर्षांचं आणि प्रत्यक्ष हजेरीचं आहे, दूरस्थ पद्धतीत डी.एल.एड. आणि बी.एड.ला जागा आहे, तीही आधीच शाळेत शिकवणाऱ्यांसाठी. 'नॉन-अटेंडिंग एम.एड.' नावाचं जे विकलं जातं त्यात हजेरीपटावर तुमच्या खोट्या सह्या होतात, आणि पुढे कागदपत्र पडताळणी होते तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे असे बरेच पैसे गेलेत, आणि हातात आलेल्या मार्कशीटचं काय करायचं हे त्यांना आजही कळलेलं नाही.

४. ऑनलाइन आणि दूरस्थ एकच ना? आम्ही तर दोन्हीला एक्स्टर्नलच म्हणतो.

घरात बोलताना म्हणा काही पण फॉर्म भरताना फरक पडतो. दूरस्थ म्हणजे पुस्तकं (छापील किंवा पीडीएफ), अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रं, असाइनमेंट आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. ऑनलाइन म्हणजे विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन करून व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा, क्विझ, आणि तुम्ही आत येऊन काही करताय की नाही याची नोंद राहते. दोन्हीला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२० चे एकच नियम लागू आहेत, पण मान्यता वेगवेगळी घ्यावी लागते, म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा कोर्स दूरस्थ म्हणून मान्य असेल आणि ऑनलाइन म्हणून नसेल असं होऊ शकतं.

अजून एक फरक आपल्या महाराष्ट्राबाहेरच्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ कोर्स आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो, ऑनलाइनला ती हद्द नाही. त्यामुळे बेळगाव, इंदूर, बडोदा, गोवा इथून "नाशिकच्या मुक्त विद्यापीठात दूरस्थला नाव घालता येईल का" असं विचारणाऱ्यांनी इग्नूकडे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे) बघावं, ते देशभर चालतं, आणि गोव्यात पणजीला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे.

५. सगळ्यात महत्त्वाचं, ही डिग्री चालते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दोन भागांत आहे.

मान्यताप्राप्त विद्यापीठाची, त्या कोर्सला त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता असलेली पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये तसं स्वतंत्र पत्रक काढलंय, ते डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा, कारण समोरच्या क्लार्कला ते माहीत असेलच असं नाही.

दुसरा भाग म्हणजे मान्यता विद्यापीठाला एकदाच मिळून कायमची राहते असं नाही, ती कोर्सवार आणि सेशनवार असते. म्हणून ॲडमिशनच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर जाऊन विद्यापीठ, कोर्स आणि सेशन तिन्ही जुळतंय का ते बघायचं आणि त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावायची. चार-पाच वर्षांनी कोणी शंका काढली की ती प्रिंटच उपयोगी पडते. फ्रँचायझीला तर परवानगीच नाही, त्यामुळे 'आमच्या क्लासमधूनच ॲडमिशन होईल' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, ॲडमिशन विद्यापीठाच्या पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या लॉगिननेच.

आता "चालते" म्हणजे कशासाठी चालते, ते प्रश्न १४ ते १६ मध्ये आहे.

६. फॉर्म भरताना डेब आयडी मागतंय, ते काय?

२०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन ॲडमिशनसाठी डेब आयडी सक्तीचा झालाय, डेब म्हणजे प्रश्न ५ मधला यूजीसीचा दूरशिक्षण विभागच. आधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं (एबीसी आयडी, डिजिलॉकरमधून निघतं), मग त्यावरून यूजीसीच्या पोर्टलवर डेब आयडी, मग विद्यापीठाचा फॉर्म, या क्रमाने जा.

बायकांची गाडी इथे अडते ती नावापाशी. पदवीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी, मधलं नाव कुठे वडिलांचं कुठे नवऱ्याचं. सिस्टीम आधारवरचं नाव उचलते आणि फॉर्म छाननीत अडकतो. गॅझेट असेल तर उत्तम, नाहीतर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि पदवीवर कोणतं नाव यायला हवंय ते आधीच ठरवा, सर्व्हिस बुकात जे नाव आहे तेच आलं तर पुढचा त्रास वाचतो.

७. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. इग्नूला इंग्रजी किंवा हिंदीच आहे म्हणे. झेपेल का?

झेपतं, पण पहिले दोन-तीन महिने जड जातात हे खरं आहे. पुस्तकातली भाषा इंग्रजीत अवघड आणि हिंदीत त्याहून अवघड, 'अधिगम', 'संप्रत्यय', 'अभिप्रेरणा' असली हिंदी वाचून मराठी माणूस बावचळतोच. आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी शेवटी पुस्तकं दोन्ही भाषांतली उघडून वाचली. दोन्ही इग्नूच्या ई-ज्ञानकोश या साइटवर फुकट आहेत, ॲडमिशन घेण्याआधीसुद्धा वाचता येतात, आणि मी तर म्हणते एक युनिट वाचून बघा आणि मगच फी भरा. परीक्षेला एकच भाषा धरायची, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी नको. मराठीतूनच लिहायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका आधी बघा, त्या वर्षी कोर्स चालू आहे का ते प्रश्न ५ मध्ये सांगितलंय तसं तपासून.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. या विषयात महाराष्ट्रातली उदाहरणं खच्चून भरलेली आहेत आणि आपण उत्तरात पुस्तकातलीच परकी नावं उतरवतो. प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणावर प्रश्न आला तर महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन लिहा, त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि तो भरणाऱ्या शेतकऱ्याचं पोर अडाणी राहतं. कोठारी आयोगावर (१९६४-६६) लिहिताना त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जोडलेले, हे लिहा. बालशिक्षणावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, बोर्डी आणि कोसबाड, कुरणात भरलेल्या शाळा आणि अंगणात भरलेल्या बालवाड्या. हे तुम्हाला डी.एड.पासून पाठ आहे, ते लिहायला इंग्रजी फर्डं लागत नाही.

८. नोकरी, घर, पोरं सांभाळून रोज किती वेळ द्यावा लागतो?

मुक्त विद्यापीठांचा हिशोब असा की एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे चार क्रेडिटचा एक पेपर १२० तास. कागदावर. प्रत्यक्षात शाळेत यूडायस, निवडणूक ड्युटी, सर्वेक्षणं, स्नेहसंमेलन हे सगळं येतंच, त्यामुळे 'रोज दोन तास' असं टाइमटेबल करणारे दिवाळीपर्यंत गळतात. ज्यांचं झालं ते बहुतेक पहाटेवाले आहेत किंवा मे महिना आणि दिवाळीची सुट्टी दाबून वापरणारे. लहान मूल घरात असेल तर दोन वर्षांत संपवायचा हट्टच करू नका, इग्नूत या कोर्सला जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत आहे आणि डिग्रीवर किती वर्षं लागली हे कोणी बघत नाही.

९. खात्याची परवानगी लागते का? न घेता केलं तर?

जिल्हा परिषद असो की अनुदानित संस्था, ॲडमिशनच्या आधी लेखी परवानगी घ्या. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा अर्ज वर जातो, त्यात 'शालेय कामकाजात अडथळा येणार नाही, परीक्षा सोडून रजा मागणार नाही' असं हमीपत्र मागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. परवानगी नसेल तर डिग्री रद्द होत नाही, पण सेवापुस्तकात नोंद करायच्या वेळी घोडं अडतं आणि तेव्हा मागच्या तारखेची परवानगी कोणी देत नाही.

१०. असाइनमेंट किती महत्त्वाच्या? तयार मिळतात, त्या दिल्या तर?

इग्नूत ३० टक्के वजन असाइनमेंटला आणि ७० टक्के लेखी परीक्षेला. पंचावन्न टक्क्यांचं गणित (प्रश्न १४) इथेच जमतं किंवा फसतं, कारण परीक्षेत सढळ हाताने मार्क मिळत नाहीत. तयार पीडीएफ शंभर-दीडशे रुपयांत मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, तपासणाऱ्यालाही माहीत आहे, त्याच्या टेबलावर त्याच शब्दांचे वीस गठ्ठे आलेले असतात. चॅटजीपीटीचं तेच. ते उत्तर गुळगुळीत असतं, पण 'तुमच्या शाळेतलं उदाहरण द्या' म्हटलं की त्यात कुठल्यातरी हवेतल्या शाळेत स्मार्टबोर्ड असतो आणि तुमच्या शाळेत तर लाइट दुपारी जाते.

हाताने लिहायच्या आहेत, टाइप केलेल्या नाही. अपलोड करायचं असेल तर दिवसाउजेडी खिडकीजवळ स्कॅन करा, पानं सरळ क्रमाने, एका विषयाची एकच फाइल, पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर आणि कोर्स कोड. जमा केल्याची पोच (केंद्रावर दिली तर सही-शिक्का, ऑनलाइन दिली तर स्क्रीनशॉट आणि मेल) निकाल लागेपर्यंत सांभाळा. असाइनमेंटचे मार्क चढलेच नाहीत ही तक्रार इतकी येते की त्यासाठी वेगळा प्रश्न लिहिणार होते, पण उत्तर एवढंच आहे की पोच असेल तर होतं काम.

११. ऑनलाइन आहे तर परीक्षा पण घरून का?

इग्नूच्या दूरस्थ कोर्सची परीक्षा केंद्रावर, पेनाने, जून आणि डिसेंबरमध्ये. काही विद्यापीठांच्या ऑनलाइन कोर्सची परीक्षा कॅमेऱ्यासमोर घरून होते, त्यात मागून कोणी गेलं तरी सिस्टीम वॉर्निंग देते, तेव्हा सासूबाईंना आधी सांगून ठेवा. मला विचाराल तर केंद्रावरची परीक्षा बरी, नेट गेलं म्हणून रडायची वेळ येत नाही.

१२. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला होता, तरी हॉल तिकीट का आलं नाही?

कारण तुम्ही री-रजिस्ट्रेशन केलंत, परीक्षेचा फॉर्म भरला नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीची फी वेगळी आहे. री-रजिस्ट्रेशन म्हणजे पुढच्या वर्षात नाव घालणं, पहिल्या वर्षाचे पेपर राहिले असले तरी करता येतं. परीक्षेचा फॉर्म दर वेळी वेगळा, ज्या पेपरला बसायचंय त्या प्रत्येक पेपरची फी भरून, केंद्र निवडून. कॉलेजात असताना हे सगळं ऑफिस करायचं म्हणून सवय नसते. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा, ग्रुपमधल्या मेसेजवर विसंबू नका, तो दोनशे 'गुड मॉर्निंग'खाली गेलेला असतो.

१३. प्रबंधाची फार भीती वाटते. विषय कुठला घेऊ? गाइड कुठून आणू?

इथे जास्त लिहिते, कारण बाकी सगळे पेपर सुटलेले आणि फक्त प्रबंध राहिलाय असे लोक मला सगळ्यात जास्त भेटतात.

विषय मोठा घेऊ नका. 'नवीन शैक्षणिक धोरण २०२० चा महाराष्ट्रातील शिक्षणावर परिणाम' असले विषय येतात, ते एका आयुष्यात होणार नाहीत. तुमच्या वर्गातला, तुम्हाला रोज छळणारा विषय घ्या. एका शिक्षिकेने तिसरीच्या मुलांच्या हातच्याच्या वजाबाकीतल्या चुका घेतल्या होत्या. ५२ वजा ३८. बरीच पोरं २६ लिहितात. का, तर एककात २ मधून ८ जात नाहीत म्हणून ती उलटं करतात, ८ मधून २ काढतात, ६ लिहितात, मग ५ मधून ३ गेले २. म्हणजे पोराला वजाबाकी येत नाही असं नाही, ते 'मोठ्यातून लहान' हा आपणच शिकवलेला नियम प्रामाणिकपणे पाळतंय. हे बाईंना आधी माहीत होतं का, तर होतं, पण वह्या घेऊन बसल्यावर आणि चुकांचे प्रकार पाडल्यावर कळलं की २६ वाली पोरं वेगळी आणि २४ लिहिणारी वेगळी, दुसऱ्यांना हातचा घेता येतो पण घेतल्यावर दशकातला एक कमी करायचं राहतं. मग दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन काही आठवडे काम, आधी चाचणी, नंतर चाचणी, दोन्हींची तुलना. झाला प्रबंध.

आता क्रम. आधी विद्यापीठाची प्रबंध-पुस्तिका नीट वाचा. मग गाइड, त्यांची पात्रता पुस्तिकेत दिलेली असते, जवळच्या बी.एड. किंवा एम.एड. कॉलेजातले प्राध्यापक विचारून बघा, लोक नाही म्हणतील या भीतीने आपण विचारतच नाही. मग सिनॉप्सिस म्हणजे आराखडा, त्यावर गाइडची सही आणि त्यांचा बायोडाटा. आराखडा मंजूर व्हायच्या आधी माहिती गोळा करायला सुरुवात करू नका. मंजुरीत नमुना किंवा साधन बदलायला सांगितलं तर सगळं परत करावं लागतं.

आधीचं संशोधन बघायला शोधगंगा आहे, देशभरातल्या पीएच.डी. तिथे फुकट वाचता येतात, मराठीतल्याही भरपूर. तिथून वाचायचं आहे, उचलायचं नाही. आकडेमोडीसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या चाचण्या एक्सेलमध्ये होतात, जास्त हवं असेल तर जॅमोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मुलांवर काम करताना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, पालकांना सांगा, आणि प्रबंधात मुलांची नावं घालू नका, वि-१ वि-२ असे क्रमांक द्या.

निकाल 'काहीच फरक पडला नाही' असा आला तरी तो निकालच आहे. आकडे ओढूनताणून चांगले करायला जाऊ नका, गाइडला दोन मिनिटांत कळतं.

१४. या डिग्रीवर नेट-सेट देता येते का? किती टक्के लागतात?

या प्राध्यापक पात्रता परीक्षा देता येतात, विषय 'एज्युकेशन'. खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तरला ५५ टक्के, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी आणि दिव्यांगांना ५०. लोक नुसते पास होऊन खूश होतात आणि मग ५३ टक्क्यांवर अडकतात. इग्नूत एम.ए.चे ५५ टक्के जेमतेम दोन टक्क्यांच्या आत हुकले असतील तर सुधारणेसाठी परत परीक्षा देण्याची सोय आहे, पण ती एकदाच आणि ठराविक मुदतीत, निकाल लागल्या लागल्या अर्ज करायला लागतो.

नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर इंग्रजी-हिंदीत. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, आणि मराठीचा आधार हवा असेल तर ती सोयीची. शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं.

१५. म्हणजे बी.एड. कॉलेजात प्राध्यापक होता येईल?

हा खरा किचकट प्रश्न. एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांत बी.एड.च्या 'पर्स्पेक्टिव्ह्ज' म्हणजे पायाभूत विषयांच्या जागांसाठी दोन वाटा दिल्यात: सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी अधिक एम.एड., किंवा एम.ए. एज्युकेशन अधिक बी.एड., सगळीकडे ५५ टक्के. म्हणजे ज्याचं बी.एड. ५५ टक्क्यांनी झालंय त्याला एम.ए. एज्युकेशनने ही दुसरी वाट उघडते. पण अध्यापनपद्धतीच्या जागांना (गणित, विज्ञान, भाषा) त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. लागतं, तिथे हे चालत नाही. वर नेट, सेट किंवा पीएच.डी. लागतेच. जाहिरातीत नुसतं 'एम.एड.' छापलेलं असेल तर अर्जासोबत निकषांची प्रत जोडा, आणि तरीही काही संस्था ऐकून घेत नाहीत हे मनात धरून चाला.

१६. पगार वाढेल का? निवड श्रेणीला चालतं का?

डिग्री मिळाली म्हणून दुसऱ्या महिन्यात शालार्थमध्ये (पगाराच्या पोर्टलवर) आकडा वाढत नाही. नोकरीच्या १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, आणि निवड श्रेणीला वाढवलेली शैक्षणिक पात्रता लागते, शिवाय ती सगळ्यांना मिळत नाही, त्या जागाच २० टक्के असतात. तुमच्या गटाला, तुमच्या मूळ पात्रतेवर एम.ए. एज्युकेशन धरणार की विषयातलंच एम.ए. मागणार, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या, दोन जिल्ह्यांत दोन उत्तरं ऐकलीत मी. फक्त निवड श्रेणीसाठी करत असाल तर लेखी उत्तर आल्याशिवाय फी भरू नका.

१७. बी.एड. चालू आहे, सोबत एम.ए. एज्युकेशन करू का? वेळ वाचेल.

यूजीसीने एप्रिल २०२२ पासून एका वेळी दोन कोर्सना परवानगी दिलीय, एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ. कागदावर जमतं. पण रेग्युलर बी.एड.ला ८० टक्के हजेरी आणि इंटर्नशिपला ९० टक्के लागते, आणि परीक्षेच्या तारखा एकमेकांवर आल्या तर कोणतंच विद्यापीठ तुमच्यासाठी तारीख बदलत नाही. करायचंच तर बी.एड.च्या पहिल्या वर्षात नको, इंटर्नशिप संपल्यावर नाव घाला. आणि कॉलेजला आधी कळवा.

१८. मी अमेरिकेत/दुबईत आहे, इथे उपयोग होईल का? उलट इथल्या ऑनलाइन मास्टर्सचा भारतात उपयोग होईल का?

तिकडे पदवीचं मूल्यमापन आणि शिकवण्याचं लायसन्स या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिकेत लायसन्स प्रत्येक राज्य वेगळं देतं, त्यात शिक्षक-प्रशिक्षण आणि वर्गातला सराव बघतात, म्हणून नुसत्या एम.ए. एज्युकेशनवर तिथल्या सरकारी शाळेत उभं राहता येत नाही. आखातात जाणार असाल तर मार्कशीट आणि पदवीचं ॲटेस्टेशन भारतात असतानाच करून घ्या, पुण्या-मुंबईतल्या भावाला नंतर पळवू नका.

उलट दिशेला सावध राहा. परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला इथे समकक्षता मिळण्यात मोठी अडचण आहे, धोरण पहिल्यापासून प्रत्यक्ष हजर राहून केलेल्या शिक्षणाच्या बाजूचं आहे. इंटरनॅशनल शाळेत नोकरी करायची असेल तर त्या शाळा स्वतः ठरवतात, त्यांना ते आवडतंही. सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. डोक्यात असेल तर त्या भरवशावर डॉलर खर्च करू नका.

१९. तीन पेपर आणि प्रबंध राहिला आणि मुदत संपली. सगळं वाया गेलं का?

नाही गेलं. इग्नूत मुदत संपल्यावर री-ॲडमिशन मिळतं, म्हणजे जे राहिलंय तेवढ्यासाठीच परत नाव घालायचं. पास झालेल्या पेपरांचे मार्क तसेच राहतात. प्रादेशिक केंद्राला (मुंबई, पुणे, नागपूर, जे तुमचं असेल ते) एनरोलमेंट नंबर आणि ग्रेडकार्ड जोडून मेल करा, फोनवर वेळ घालवू नका. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला असेल तर कुठला जुना पेपर कुठल्या नव्यात धरला जाईल हेही त्याच मेलमध्ये विचारा, आणि प्रबंधाचा जुना मंजूर आराखडा चालेल की नवा लागेल ते पण, कारण गाइड रिटायर झालेले असतात आणि लोकांना ते सबमिशनच्या आदल्या आठवड्यात आठवतं.